ग्राफिक्स कार्डाचे ‘अंडरव्होल्टिंग’ : सोलापूरच्या उन्हाळ्यातील संगणक प्रयोगशाळेच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :

ग्राफिक्स कार्ड कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा त्याला ठरवून दिलेला विद्युतदाब हा त्या विशिष्ट कार्डाच्या गरजेपेक्षा बहुधा अधिक असतो. हा जादा दाब नियंत्रित पद्धतीने कमी करण्याच्या प्रक्रियेस ‘अंडरव्होल्टिंग’ असे म्हणतात. कार्यक्षमतेत अत्यल्प घट स्वीकारून उष्णता व वीजवापर यांत लक्षणीय बचत करणे या प्रक्रियेने शक्य होते. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेमागील भौतिक तत्त्व, तिची कार्यपद्धती, सोलापूरसारख्या उष्ण व पाणीटंचाईच्या प्रदेशातील तिची उपयुक्तता आणि तिच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे. बचतीइतकीच पडताळणीही महत्त्वाची आहे, हे लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : ग्राफिक्स कार्ड, विद्युतदाब, वारंवारता, उष्णता, ऊर्जाबचत, संगणक प्रयोगशाळा.

१. प्रस्तावना :

सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालयांमध्ये प्रात्यक्षिक परीक्षा, प्रकल्पांचे सादरीकरण आणि वर्षअखेरची संगणकीय कामे प्रामुख्याने मार्च ते मे या काळात होतात. हाच काळ या जिल्ह्यातील सर्वांत कडक उन्हाचा असतो. एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाणे हे सोलापूरकरांच्या अंगवळणी पडले आहे. काही वर्षी ते ४३-४४ अंशांपर्यंतही पोहोचते. म्हणजे संगणकावर सर्वाधिक भार ज्या आठवड्यांत पडतो, त्याच आठवड्यांत त्याला थंड ठेवणे सर्वाधिक कठीण असते.

एकेकाळी महाविद्यालयातील संगणकाचा उपयोग टंकलेखन, लेखा-आज्ञावली आणि प्राथमिक प्रोग्रॅमिंग एवढ्यापुरता मर्यादित होता. आता स्थापत्य आराखडे, वस्त्र-संकल्पन, ॲनिमेशन, उपग्रह-प्रतिमांचे विश्लेषण व यंत्र-अध्ययन हे विषय अभ्यासक्रमात आले आहेत. या सर्व कामांचा भार ग्राफिक्स कार्डावर पडतो. १९९९ मध्ये ‘एनव्हिडिया’ कंपनीने ‘जीफोर्स २५६’ हे उत्पादन बाजारात आणले, तेव्हा त्याचा हेतू मुख्यत्वे खेळांतील त्रिमितीय चित्रे रेखाटण्याचा होता. पुढे २०१२ मध्ये ‘ॲलेक्सनेट’ या प्रतिमा-ओळख प्रारूपाचे प्रशिक्षण केवळ दोन ग्राफिक्स कार्डांवर करण्यात आले आणि हे उपकरण संशोधनाच्या केंद्रस्थानी आले.

क्षमतेबरोबर विजेची भूकही वाढत गेली. याच कंपनीच्या २०१६ मधील ‘जीटीएक्स १०८०’ या कार्डाची निर्धारित शक्ती १८० वॅट होती. २०२० मधील ‘आरटीएक्स ३०८०’ ची ३२० वॅट, २०२२ मधील ‘आरटीएक्स ४०९०’ ची ४५० वॅट, तर २०२५ मधील ‘आरटीएक्स ५०९०’ ची ५७५ वॅट आहे. महाविद्यालये इतकी महाग कार्डे सहसा घेत नाहीत. परंतु ‘आरटीएक्स ३०६०’ सारखे मध्यम दर्जाचे कार्डही १७० वॅट वीज घेते. ही सर्व वीज अखेरीस उष्णतेच्या रूपाने खोलीतच उतरते. दोनशे वॅटचे कार्ड हे संगणकाच्या दृष्टीने गणनायंत्र असले, तरी खोलीच्या दृष्टीने ती दोनशे वॅटची शेगडीच आहे.

२. लेखाची उद्दिष्टे :

अ) ग्राफिक्स कार्डातील उष्णतेचे मूळ कारण सर्व विद्याशाखांच्या प्राध्यापकांना समजेल अशा भाषेत स्पष्ट करणे.
ब) विद्युतदाब कमी करण्याची प्रक्रिया व तिचे अपेक्षित परिणाम उदाहरणासह मांडणे.
क) या प्रक्रियेतील धोके व मर्यादा यांची चर्चा करून महाविद्यालयीन प्रयोगशाळांसाठी काही सूचना करणे.

लेखात दिलेली आकडेमोड ही तत्त्व स्पष्ट करण्यासाठी गृहीत धरलेल्या मूल्यांवर आधारित आहे. प्रत्यक्ष मूल्ये कार्डागणिक भिन्न असतील, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

३. विद्युतदाब आणि उष्णता : एक उलटे वाटणारे नाते

विजेचा दाब आणि विजेची नासाडी यांचा संबंध सोलापूरला अपरिचित नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची पारेषण वाहिनी कार्यान्वित झाली आणि दक्षिण भारताचे विद्युत जाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी एकाच वारंवारतेने जोडले गेले. संपूर्ण देशाचे एक जाळे होण्याचा शेवटचा दुवा अशा रीतीने सोलापुरात जुळला. या वाहिनीचा दाब इतका प्रचंड ठेवण्याचे कारण नासाडी टाळणे हेच आहे. ठरावीक शक्ती दूर पोहोचवायची असेल, तर दाब दुप्पट केल्यास प्रवाह निम्मा होतो. तारेतील उष्णतेच्या रूपाने होणारा ऱ्हास प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तो एक-चतुर्थांशावर येतो. म्हणजे पारेषणात दाब वाढविला की उष्णता कमी होते.

मग ग्राफिक्स कार्डात दाब कमी केल्याने उष्णता कमी कशी होते, असा प्रश्न पदार्थविज्ञानाचा अभ्यास केलेल्या वाचकाच्या मनात साहजिकच येईल. याचे उत्तर दोन्ही ठिकाणी काय स्थिर आहे यात दडलेले आहे. पारेषण वाहिनीत पोहोचवावयाची शक्ती ठरलेली असते. दाब वाढला की प्रवाहाला कमी व्हावेच लागते. चिपमध्ये मात्र शक्ती ठरलेली नसते. तेथे ठरलेली असते ती ट्रान्झिस्टर व त्यांना जोडणाऱ्या सूक्ष्म तारांची विद्युतभार साठविण्याची क्षमता, म्हणजेच विद्युतधारणा.

चिपमधील प्रत्येक ट्रान्झिस्टर ‘शून्य’ व ‘एक’ या दोन अवस्थांमध्ये आलटून पालटून जातो. ‘एक’ होताना त्याच्याशी निगडित असलेले सूक्ष्म धारित्र भारित होते आणि ‘शून्य’ होताना ते रिक्त होते. भारित होताना पुरवठ्यातून घेतलेल्या ऊर्जेपैकी निम्मी वाटेतील रोधात उष्णता बनते. उरलेली निम्मी ऊर्जा धारित्र रिक्त होताना उष्णतेतच जाते. या एका फेऱ्याची ऊर्जा विद्युतधारणा व दाबाचा वर्ग यांच्या गुणाकाराइतकी असते. असे अब्जावधी ट्रान्झिस्टर सेकंदाला अब्जाहून अधिक वेळा हे काम करतात. म्हणून

गतिज शक्ती = क्रियाशीलता × विद्युतधारणा × (विद्युतदाब)² × वारंवारता

हे सूत्र प्राप्त होते. येथे क्रियाशीलता म्हणजे एका ठोक्याला प्रत्यक्ष अवस्था बदलणाऱ्या ट्रान्झिस्टरांचे प्रमाण होय. वारंवारता दहा टक्क्यांनी कमी केली तर शक्ती दहा टक्क्यांनी कमी होते आणि कामही तितकेच मंदावते. दाब दहा टक्क्यांनी कमी केला तर शक्ती सुमारे १९ टक्क्यांनी कमी होते आणि वारंवारता कायम राहिल्यास कामाचा वेग घटत नाही. अंडरव्होल्टिंगचे सारे रहस्य या वर्गात आहे. एकच वर्गाचा नियम पारेषणात दाब वाढविण्यास सांगतो, तर चिपमध्ये दाब उतरविण्यास सांगतो.

या गतिज शक्तीखेरीज चिपमध्ये गळतीचा प्रवाहही असतो. ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून थोडी वीज झिरपत राहते. ही गळती दाबाबरोबर वाढते आणि तापमानाबरोबरही वाढते. म्हणजे चिप तापली की गळती वाढते आणि गळती वाढली की चिप आणखी तापते. दाब कमी केल्यास या दुष्टचक्राला दोन्ही बाजूंनी आळा बसतो.

४. कारखान्यातील दाब अधिक का असतो?

एवढा सोपा लाभ उत्पादक स्वतःच का घेत नाहीत, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९७४ मध्ये आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले, की ट्रान्झिस्टर जितका लहान करावा तितका त्याचा दाबही कमी करता येतो आणि त्यामुळे चिपच्या प्रति चौरस सेंटिमीटर उष्णतेचे प्रमाण स्थिर राहते. पुढील तीन दशके हे सूत्र उपयोगी पडले. एकेकाळी ५ व्होल्टवर चालणाऱ्या चिप ३.३ व्होल्टवर आणि नंतर सुमारे १ व्होल्टवर आल्या. मात्र २००५-०६ च्या सुमारास ही वाटचाल अडखळली. दाब आणखी उतरविल्यास ट्रान्झिस्टर नीट बंद होईना व गळती असह्य होऊ लागली. तेव्हापासून ट्रान्झिस्टरांची संख्या वाढत राहिली. पण दाब त्या प्रमाणात उतरला नाही. आजच्या कार्डांची वाढती भूक हा त्याचाच परिणाम आहे.

दाब सुमारे १ व्होल्टवर थांबल्यानंतरही, प्रत्येक चिपला नेमका किती दाब लागतो हा प्रश्न उरतोच. एकाच साच्यातून, एकाच दिवशी तयार झालेल्या दोन चिप सारख्या नसतात. सोलापूरच्या यंत्रमाग व्यवसायाशी परिचित असलेल्यांना हे सहज पटेल. एकाच कंपनीचे, एकाच वेळी बसविलेले माग असले, तरी प्रत्येक मागाचा स्वभाव वेगळा असतो आणि जाणकार जॉबर धाग्याचा ताण मागागणिक जुळवून घेतो. लाखो कार्डे विकणाऱ्या उत्पादकाला अशी प्रत्येक कार्डाची स्वतंत्र जुळणी पूर्णपणे करणे परवडत नाही. म्हणून तो स्वीकारलेल्या चिपपैकी सर्वांत दुबळी चिपही सर्वांत कठीण परिस्थितीत चालेल, असा दाब निश्चित करतो. भार एकाएकी वाढला असता दाबात क्षणिक खळगा पडतो, त्यासाठी काही अंतर; चिप वर्षानुवर्षे वापरून मंदावते, त्यासाठी काही अंतर; तापमान व वीजपुरवठ्यातील फरक यांसाठी आणखी काही अंतर, अशी ही सुरक्षा-अंतरे एकावर एक रचली जातात. आपल्या हाती आलेली चिप सरासरी किंवा त्याहून चांगली असेल, तर हे अंतर तिच्यासाठी जादा ठरते.

येथे एक सावधगिरीची नोंद करणे आवश्यक आहे. हे अंतर म्हणजे उत्पादकाची उधळपट्टी नव्हे. ती विश्वासार्हतेची हमी आहे. अंडरव्होल्टिंग करणारा वापरकर्ता या हमीचा एक भाग वीजबचतीसाठी खर्च करीत असतो. तो किती खर्च करावा, हे अंदाजाने नव्हे तर चाचणीने ठरविले पाहिजे.

५. एक सोदाहरण गणित

एका मध्यम दर्जाच्या कार्डाचा पूर्ण भारातील वीजवापर २०० वॅट आहे, असे मानू. त्यांपैकी १४० वॅट मुख्य चिपची गतिज शक्ती आहे आणि उर्वरित ६० वॅट स्मृती-चिप, पंखे, गळती व अन्य भागांत खर्च होतात. चिप १.०५ व्होल्टवर १,९०० मेगाहर्ट्‌झ वारंवारतेने चालते. आता दाब ०.९० व्होल्ट आणि वारंवारता १,८५० मेगाहर्ट्‌झ केली, तर दाबाच्या वर्गाचे गुणोत्तर ०.७३५ व वारंवारतेचे गुणोत्तर ०.९७४ येते. त्यांचा गुणाकार सुमारे ०.७१५ आहे. म्हणजे १४० वॅटचे १०० वॅट होतात. उरलेले ६० वॅट जसेच्या तसे धरले, तरी कार्डाचा एकूण वापर १६० वॅटवर येतो. वेगात घट २.६ टक्के आणि विजेत बचत २० टक्के, असा हा व्यवहार आहे.

या उदाहरणात मूळ स्थितीत चिपमधून सुमारे १३३ अँपिअर प्रवाह वाहतो. नंतर तो १११ अँपिअरवर येतो. घरातील एका खोलीच्या वायरिंगमधून वाहणाऱ्या प्रवाहाशी तुलना केली, तर नखाएवढ्या चिपला हा प्रवाह पुरविणाऱ्या घटकांवर केवढा ताण असतो याची कल्पना येते. प्रवाह घटल्याने हे घटकही कमी तापतात.

आता तापमानाचा विचार करू. चिपचे तापमान म्हणजे भोवतालचे तापमान अधिक शक्ती गुणिले उष्णतारोध. थंडावा देणाऱ्या यंत्रणेचा उष्णतारोध प्रति वॅट ०.२५ अंश आहे असे मानल्यास, २०० वॅटला चिप भोवतालापेक्षा ५० अंशांनी आणि १६० वॅटला ४० अंशांनी अधिक तापते. संगणकाच्या पेटीत हवा २५ अंशांची असेल, तर ही तापमाने अनुक्रमे ७५ व ६५ अंश होतात. दोन्ही सुरक्षित आहेत. परंतु पेटीतील हवा ४० अंशांची असेल, तर ती ९० व ८० अंश होतात. अनेक कार्डांचे नियंत्रण-तापमान सुमारे ८३ अंशांवर ठेवलेले असते. त्याच्या वर जाऊ लागताच कार्ड स्वतःच वारंवारता उतरविते.

यातून निघणारा निष्कर्ष आपल्या भागासाठी विशेष महत्त्वाचा आहे. थंड प्रदेशातील वापरकर्त्यासाठी अंडरव्होल्टिंग म्हणजे थोडी वीजबचत आणि पंख्याचा आवाज कमी, एवढेच असते. सोलापूरच्या मे महिन्यात मात्र मूळ दाबावरील कार्ड उष्णतेमुळे मंदावते आणि कमी दाबावरील कार्ड आपला वेग टिकवून धरते. कागदावर २.६ टक्क्यांनी मंद असलेले कार्ड दुपारी तीन वाजता प्रत्यक्षात अधिक वेगवान ठरू शकते.

६. प्रयोगशाळा, वीज आणि पाणी

वरील कार्डे असलेले २० संगणक एका प्रयोगशाळेत आहेत आणि कार्डाव्यतिरिक्त प्रत्येक संगणक १२० वॅट वीज घेतो, असे धरू. पूर्ण भारात एकूण उष्णता ६.४ किलोवॅट होते. एक टन क्षमतेची वातानुकूलन यंत्रणा सुमारे ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर काढते. म्हणजे केवळ संगणकांसाठी सुमारे १.८ टन क्षमता लागते. प्रत्येक कार्डामागे ४० वॅट वाचल्यास एकूण ८०० वॅट उष्णता कमी होते. बसलेल्या माणसाच्या शरीरातून साधारण १०० वॅट उष्णता बाहेर पडते, हे लक्षात घेतल्यास ही घट आठ विद्यार्थी खोलीबाहेर गेल्यासारखी आहे. ज्या प्रयोगशाळेत वातानुकूलन नाही, केवळ छताचे पंखे आहेत, तेथे हा फरक विद्यार्थ्यांना स्वतःच्या अंगावर जाणवेल.

दिवसाला सहा तास व वर्षाला २०० दिवस पूर्ण भार धरल्यास ९६० युनिट वीज वाचते. ही उष्णता बाहेर काढण्यासाठी वातानुकूलन यंत्रणा साधारणपणे तिच्या एक-तृतीयांश वीज खर्च करते. ती बचत धरल्यास एकूण आकडा १,२८० युनिटांवर जातो. प्रत्यक्षात महाविद्यालयीन संगणक दिवसभर पूर्ण भाराने चालत नाहीत. त्यामुळे ही बचतीची वरची मर्यादा समजावी.

विजेचा हिशेब केवळ देयकापुरता नसतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार देशातील जाळ्याच्या विजेच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्याहून आपल्याला जवळचा विषय पाण्याचा आहे. सोलापूरजवळील राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळाच्या प्रकल्पात प्रत्येकी ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत आणि त्यांना पाणी भीमा नदीवरील उजनी धरणातून मिळते. हेच धरण सोलापूर शहराची तहान भागविते आणि जिल्ह्यातील शेतीलाही पाणी देते. केंद्र शासनाच्या २०१५ च्या अधिसूचनेने जुन्या औष्णिक केंद्रांसाठी पाणीवापराची कमाल मर्यादा प्रति मेगावॅट-तास ३.५ घनमीटर अशी घातली. म्हणजेच एका युनिटमागे साडेतीन लिटर. औष्णिक वीज विनाकारण जाळणे म्हणजे कुठल्या तरी धरणातील पाणी विनाकारण वाफ करून सोडणे होय. एका प्रयोगशाळेची बचत या हिशेबाने काही हजार लिटरच भरते. परंतु ज्या शहराने नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येण्याचा अनुभव घेतला आहे, त्या शहरातील विद्यार्थ्याला हा हिशेब शिकविण्याजोगा आहे.

७. राज्यातील मोठ्या संगणकांचा अनुभव

उष्णता व वीज यांचा प्रश्न लहान प्रयोगशाळेपुरता नाही. पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्र म्हणजे ‘सी-डॅक’ या संस्थेने फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘परम युवा-२’ हा महासंगणक सादर केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जाहीर झालेल्या ‘ग्रीन-५००’ या ऊर्जाकार्यक्षम महासंगणकांच्या यादीत तो जगात ४४ वा व भारतात पहिला ठरला. गणनेचा वेग मोजणाऱ्या यादीच्या जोडीला प्रति वॅट गणना मोजणारी यादी असावी लागणे, हीच बदलत्या दृष्टीची खूण होती. याच संस्थेचा ‘परम सिद्धी-एआय’ हा संगणक नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३ व्या स्थानी होता. तो ‘ए-१००’ या ग्राफिक प्रक्रियकांवर आधारलेला आहे आणि अशा एका प्रक्रियकाची कमाल शक्ती ४०० वॅटपर्यंत असते. नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेनांकडून येणाऱ्या संकेतांचे एकत्रीकरण करण्यासाठीही, दुर्बिणीच्या अद्ययावतीकरणानंतर ग्राफिक प्रक्रियक वापरले जातात.

अशा केंद्रांत थंडाव्यासाठी स्वतंत्र यंत्रणा असते आणि सामान्यतः दाबाला हात न लावता प्रत्येक प्रक्रियकाची शक्तिमर्यादा ठरवून दिली जाते. मोठ्या केंद्रांची ही सावधगिरी पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

८. कार्यपद्धती

प्रथम तीन संकल्पना वेगळ्या कराव्यात. वारंवारता उतरविणे म्हणजे कार्डाला सावकाश चालण्यास सांगणे. शक्तिमर्यादा घालणे म्हणजे ठरावीक वॅटच्या वर न जाण्याची आज्ञा देणे. यात दाब व वारंवारता यांचे उत्पादकाने ठरविलेले नाते अबाधित राहते. अंडरव्होल्टिंग म्हणजे तीच वारंवारता कमी दाबावर मिळविणे, म्हणजेच हे नातेच बदलणे. पहिल्या दोन उपायांत चुकीच्या गणनेचा धोका जवळजवळ नाही. तिसऱ्यात तो आहे.

प्रत्यक्ष कृती पुढील क्रमाने करावी. (१) कार्ड व पंखे धूळमुक्त करावेत. सोलापूरच्या कोरड्या, धुळीच्या हवेत अनेकदा एवढ्यानेच तापमान उतरते. (२) मूळ स्थितीत अर्धा तास पूर्ण भार देऊन दाब, वारंवारता, तापमान व शक्ती यांची नोंद करावी. भिंतीवरील सॉकेटला जोडावयाचे वॅटमापक वापरल्यास संपूर्ण संगणकाचा वापर कळतो. (३) विंडोजवर ‘एमएसआय आफ्टरबर्नर’ या विनामूल्य आज्ञावलीत दाब-वारंवारता वक्र उघडून हव्या त्या दाबाचा बिंदू इच्छित वारंवारतेपर्यंत उचलावा आणि त्याच्या उजवीकडील वक्र सपाट करावा. एएमडी कंपनीच्या कार्डांसाठी तिच्याच ‘ॲड्रेनालिन’ आज्ञावलीत ही सोय असते. लिनक्सवर एनव्हिडियाच्या कार्डांसाठी शक्तिमर्यादा व वारंवारतामर्यादा हे उपाय सुलभ आहेत. (४) दाब एकावेळी सुमारे २५ मिलिव्होल्टने उतरवावा व प्रत्येक टप्प्यावर चाचणी घ्यावी. (५) पडद्यावर विचित्र ठिपके, आज्ञावली बंद पडणे किंवा संगणक गोठणे यांपैकी काहीही दिसल्यास दोन टप्पे मागे यावे. (६) चाचण्या पूर्ण होईपर्यंत ही मांडणी संगणक सुरू होताना आपोआप लागू होऊ देऊ नये. असे केल्यास संगणक पुन्हा सुरू करताच मूळ स्थिती परत येते आणि प्रयोग निर्धोक राहतो.

एका कार्डासाठी मिळालेला आकडा दुसऱ्यावर तसाच उतरवू नये, कारण प्रत्येक चिप वेगळी आहे. वीस संगणकांसाठी एकच मांडणी हवी असेल, तर वीसही कार्डांची चाचणी घेऊन त्यांतील सर्वांत दुबळ्या कार्डाचा आकडा, थोडे अंतर राखून, सर्वांना लावावा. म्हणजे उत्पादकाने लाखो कार्डांसाठी केले तेच आपण आपल्या वीस कार्डांसाठी करतो.

९. धोके व मर्यादा

अंडरव्होल्टिंगने कार्ड जळत नाही. धोका निराळा आहे. दाब फार कमी झाल्यास ट्रान्झिस्टर वेळेत आपली अवस्था बदलू शकत नाही आणि गणनेत चूक होते. संगणक बंद पडला तर ती चूक निदान दिसते. परंतु संगणक चालूच राहिला आणि एखादा अंक चुकीचा आला, तर ती चूक कोणाच्याही लक्षात येत नाही. ॲनिमेशनच्या एका चौकटीत एक ठिपका चुकला तर बिघडत नाही. संशोधन-प्रबंधातील एक सारणी चुकली तर मात्र बिघडते. म्हणून ज्या संगणकावर संशोधनाची अंतिम गणना होते, तेथे मोठ्या केंद्रांप्रमाणे केवळ शक्तिमर्यादा वापरावी. अंडरव्होल्टिंग करावयाचेच असेल, तर ज्याचे उत्तर आधीच ज्ञात आहे अशी गणना वारंवार करून उत्तरे तंतोतंत जुळतात का, हे तपासावे.

ऋतुमानाचाही विचार आवश्यक आहे. आधुनिक कार्डे थंड असताना त्याच दाबावर किंचित अधिक वारंवारता घेतात. तापल्यावर ती उतरते आणि गळती वाढते. त्यामुळे मेच्या दुपारी स्थिर ठरलेली मांडणी डिसेंबरच्या सकाळी डळमळू शकते आणि याउलटही घडू शकते. चाचणी दोन्ही ऋतूंत घ्यावी.

मुख्य प्रक्रियकाच्या बाबतीत आणखी एक पैलू आहे. डिसेंबर २०१९ मध्ये ‘प्लंडरव्होल्ट’ या नावाने जाहीर झालेल्या संशोधनात, इंटेलच्या प्रक्रियकाचा दाब आज्ञावलीद्वारे हेतुतः उतरवून गणनेत चुका घडविता येतात व त्यांतून संरक्षित माहितीला धोका पोहोचतो, असे दाखविण्यात आले. त्यानंतर ही सोय बंद करण्याचे बदल उपलब्ध करून देण्यात आले. सामाईक प्रयोगशाळेत दाब बदलण्याचा अधिकार फक्त प्रयोगशाळा-प्रमुखाकडे असावा, हा धडा यातून घ्यावा. तसेच हमीकाळातील कार्डांबाबत हमीच्या अटी आधी वाचाव्यात.

शेवटी, ही बचत कार्ड भारात असतानाच होते. दिवसभर चालू ठेवलेले आणि कोणीही न वापरलेले संगणक बंद करणे, हा याहून सोपा व अधिक मोठा उपाय अनेक महाविद्यालयांत अद्याप शिल्लक आहे.

१०. निष्कर्ष व सूचना

१. चिपची गतिज शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने, दाबातील लहान घटीने उष्णता व वीज यांत मोठी घट होते.
२. उष्ण प्रदेशात या घटीचा लाभ दुहेरी आहे. वीज वाचते आणि उन्हाळ्यातील वेगही टिकतो.
३. अध्यापनाच्या प्रयोगशाळेत चाचणीसह अंडरव्होल्टिंग व संशोधनाच्या संगणकावर शक्तिमर्यादा, असा भेद करावा.
४. स्वच्छता, हवेचा प्रवाह आणि न वापरलेले संगणक बंद करणे हे उपाय आधी करावेत.
५. दाब, वारंवारता, शक्ती व तापमान यांची नोंदवही ठेवण्याचे काम पदवीच्या विद्यार्थ्यांना लघुप्रकल्प म्हणून द्यावे. पदार्थविज्ञानाला यात धारित्राचा नियम मिळेल, संख्याशास्त्राला वीस कार्डांमधील विचरण मिळेल, वाणिज्य शाखेला देयकाचा हिशेब मिळेल आणि भूगोलाला उजनीचे पाणी मिळेल.

११. समारोप

नवे कार्ड घेण्यासाठी निधी लागतो, प्रस्ताव लागतो आणि मंजुरीची वाट पाहावी लागते. आहे त्या कार्डाला नेमके किती पुरते, हे शोधण्यासाठी केवळ मापन, संयम व नोंदवही लागते. उन्हाळ्याच्या तोंडावर, प्रात्यक्षिक परीक्षांपूर्वी प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या एका प्रयोगशाळेत हे मापन करून पाहावे. त्यातून आलेले आकडे या लेखातील गृहीत आकड्यांहून वेगळे असतील; परंतु ते त्या महाविद्यालयाचे स्वतःचे असतील आणि पुढील निर्णयांना तोच खरा आधार ठरेल.